बायकांना नुसतं बसायला जागा द्या

कोल्हापुरातल्या समस्त तालीम मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘ह्या बाईला पाहिजे तरी काय’ असं म्हणत तुम्हाला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही. तुमच्या तालमीच्या इमारतीतला वरचा हॉल दुपारभर कुलूपबंद असतो. तो रोज दोन-अडीच तास पेठेतल्या बायकांना बसायला द्या. नुसतं बसायला.

मी पेठेतच राहते. लग्न होऊन आले तेव्हा तालमीवर कौलं होती, आता तीन मजले चढलेत. घरी ब्लाउज शिवते. मशीन खिडकीपाशी आहे आणि खिडकीसमोर तालीम, त्यामुळं कुलूप किती वाजता लागतं आणि किती वाजता निघतं हे मला कुणी सांगायला नको.

तक्रार घेऊन आलेली नाही हेही सांगते. 2019 च्या महापुरात पंचगंगा शहरात शिरली तेव्हा ह्याच तालमींची पोरं छातीभर पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर बाहेर काढत होती. खालून हाक यायची, ‘वहिनी, घरटी दहा भाकरी पाहिजेत’ आणि अंधार पडायच्या आत टोपल्या भरून जायच्या. अडचणीच्या वेळी पेठेतल्या प्रत्येक बाईचा पत्ता तालमीला ठाऊक असतो. अडचण नसताना तिनं कुठं जायचं, हे मात्र कुणीच ठरवलेलं नाही.

आता जरा मागं जाते. कोल्हापूरच्या माणसाला विरंगुळ्याचा नाद आहे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण हा नाद मातीतून आपोआप उगवलेला नाही. शाहू महाराज 1902 साली युरोपला जाऊन आले, रोमचं जुनं मैदान त्यांनी पाहिलं आणि 1912 मध्ये खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. त्याला लागून 1915 मध्ये पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी लोकं रस्त्यावर उभी होती. पेठेपेठेत तालमी झाल्या. कुस्तीनंतर फुटबॉल आला, स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की दुकानांचे गल्ले वाऱ्यावर. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा कट्टा, रंकाळ्याचा कठडा, मिसळीची टेबलं, चौकाचौकातली बाकडी. ह्या सगळ्यासाठी कुणीतरी जमीन दिली, पैसा ओतला, आणि संध्याकाळ झाली की पुरुष घराबाहेर असणार हे अख्ख्या गावानं गृहीत धरलं. ही शेवटची गोष्ट फुकट मिळाली, म्हणून ती कुणाच्या हिशेबात येत नाही.

महाराजांना बोल लावत नाही, लावायची माझी लायकीही नाही. 1917 मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा, 1919 मध्ये बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा. स्वतःची सून, इंदुमती राणीसाहेब, कोवळ्या वयात विधवा झाली तेव्हा घरच्यांचा विरोध असताना तिच्या शिक्षणाची सोय केली. कृष्णाबाई केळवकर त्याच काळात डॉक्टर होऊन ह्या गावात काम करत होत्या. पण त्या पिढीतल्या सुधारकांचं वाचावं तर शिकलेली बाई दिसते, कामाला लागलेली बाई दिसते, छळातून सुटलेली बाई दिसते. कट्ट्यावर पाय सोडून बसलेली बाई मला तरी कुणाच्या स्वप्नात दिसली नाही. शंभर वर्षं झाली, ती अजून दिसत नाही.

मग आमच्या आज्या विसावत कधी होत्या? सगळे सांगतात, जात्यावर ओव्या म्हणत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे काम केवढं मोठं आहे हे वेगळं सांगायला नको. पण त्या ओव्यांचं कौतुक ऐकताना मला कायम एक खटकतं. बाई गात होती तेव्हा तिचा हात खुंट्यावर होता. पहाटे गात होती, कारण दिवसातला तेवढाच वेळ कुणी तिला हाक मारत नव्हतं. मनातलं बोलायला पायलीभर जोंधळा दळायची किंमत मोजावी लागत होती. नदीवरचंही तेच. पंचगंगेच्या घाटावर गप्पा रंगायच्या त्या धुणं आपटता आपटता.

सणाचं सांगाल. गौरीला झिम्मा-फुगडी, पंचमीला झोका, आषाढात टेंबलाईची यात्रा. नव्या पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन पी ढबाक वाजंत्रीच्या तालावर टेकडी चढायची, ही माझ्या सासूबाईंची वर्षातली एकमेव सहल. त्या तिचं वर्णन इतक्या रंगात येऊन करायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, महिनाभर कुठं जाऊन आल्यात. उतरून आल्यावर रस्सा त्यांनाच करायचा होता, ते त्या सांगायच्या नाहीत. देवाचं निमित्त होतं म्हणून घर सोडता यायचं आणि निमित्त संपलं की परत चूल.

माझी आई इचलकरंजीची. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं सगळं गावच मागावर चाललं. मागाची गोष्ट सांगताना मागवाला येतो, कामगार येतो. कांडीवाल्या बाया गोष्टीत येत नाहीत. धोट्यात सुताची कांडी बसवल्याशिवाय माग एक इंच कापड काढत नाही आणि त्या कांड्या भरायच्या बायकांनी. आई कांडी मशीनपुढं बसायची. रिकामी कांडी लावायची, धाग्याचं टोक अडकवायचं, भरली की काढून पाटीत टाकायची आणि दुसरी लावायची. मधे सूत तुटलं तर न बघता गाठ मारायची, तर्जनीच्या पेरावर त्या सुतानं कायमची चीर पडलेली होती. कापसाचे तंतू भुवयांत अडकून ती तिशीतच पिकलेली दिसायची. घरी आल्यावरही ओरडून बोलायची, कारण खडखडाटात दिवसभर तसंच बोलावं लागे.

पण दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्या सगळ्या बायका शेडच्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसायच्या, आणि दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तोच असायचा असं आई म्हणायची. घरी अशी सुट्टी कधीच झाली नाही. मला ह्यात मोठी गोष्ट दिसते. पगाराच्या कामाला सुरुवात असते, शेवट असतो, मधली सुट्टी असते, आणि ती कायद्यानं मिळवलेली असते. 1891 च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांचे तास 11 वर आणले आणि मधे दीड तास विश्रांती ठेवली. आज 11 तास म्हटलं तर अंगावर काटा येतो, तरी त्यात विश्रांतीचा आकडा लिहिलेला होता. चुलीपुढच्या कामासाठी असा आकडा आजवर कुठल्या सरकारनं लिहिला?

रविवारची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडा लावला. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली आणि तिथं दोन कामगार बायका उठून बोलल्या, आम्हालाही सुट्टी पाहिजे म्हणून. त्या जमान्यात, एवढ्या गर्दीत! 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. म्हणजे ज्या रविवारी तुम्ही दहाला उठता, त्यात दोन बायकांच्या भाषणाचा वाटा आहे.

आणि कोल्हापूरचा रविवार कसा असतो? सकाळी पुरुषमंडळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत. हे मोठं काम झालं, त्यावर चहा. मग खोबरं भाजा, तीळ भाजा, खसखस भाजा, कांदा करपू न देता लाल करा, वाटण करा. तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, सुकं वेगळं, पोरांना अळणी वेगळं. वरनं भाकरी तव्यावरची थेट ताटात, कारण गार झाली तर मजा नाही. दुपारी सगळे आडवे होतात तेव्हा आमची तेलकट पातेली सुरू होतात. कोल्हापूरच्या बाईचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर पेठेतली कुठलीही बाई झोपेतसुद्धा ‘रविवार’ म्हणेल.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, काकू, तो जमाना गेला. गॅस आला, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं. आलं, आणि हात जोडून स्वागत आहे. जात्याकडं परत जा म्हणणाऱ्याला मीच पहिली जात्याला बसवीन. पण वाचलेला वेळ गेला कुठं, हे बघा. अमेरिकेत जोआन व्हॅनेक नावाच्या बाईंनी 1974 मध्ये ह्याचा हिशेब मांडला. 1920 च्या दशकात तिथली नोकरी न करणारी गृहिणी आठवड्याला साधारण 52 तास घरकाम करायची. चाळीस वर्षांनी, घराघरात यंत्रं आल्यावर, 55 तास. कमी व्हायचं सोडून वाढलं! कारण धुणं सोपं झालं तसे कपडे रोज बदलायला लागले, हाताखालची माणसं गेली, आणि घर कसं असावं याची अपेक्षा चढत गेली. आपल्याकडं वेगळं काय झालं? पूर्वी एक भाजी नि आमटी पुरायची. आता मिक्सर आहे ना, मग सकाळी नाष्टा वेगळा, डब्याला कोरडी भाजी वेगळी, आण्णांना बिनतेलाचं वेगळं. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला निरोप येतो, उद्या हिरवा शर्ट.

आणि जी कामं यंत्रानं होत नाहीत ती राहिलीतच. उन्हाळ्यात चटणीचं बघा. डंकावर नेली की तासात कुटून मिळते, बरोबर. पण त्याआधी ब्याडगी आणि संकेश्वरी वाळवायची, गच्चीवर बसून एकेका मिरचीचा देठ खुडायचा, बिया झटकायच्या, मसाला तळायचा, लसूण सोलायचा. देठ खुडून झाले की दोन दिवस बोटं भगभगतात, डोळ्याला हात लावायची सोय नाही, तान्हं पोर घ्यायची सोय नाही. ते मशीन अजून कुणी काढलेलं नाही. वर्षभर मिसळीवरची तर्री बघून ‘जगात भारी’ म्हणणाऱ्यांनी एकदा किलोभर देठ खुडून बघावेत.

सरकारचाच आकडा देते. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या शंभरातल्या 81 बायका रोज घरकाम करत होत्या, पुरुष 26. आणि जे करत होते त्यांच्यातही बायकांचा वेळ सरासरी 299 मिनिटं, पुरुषांचा 97. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, परत मोजलं. बायकांची 10 मिनिटं कमी होऊन 289 झाली. पुरुषांचीही कमी झाली, 88! आमचं ओझं हलकं झालं तर तुमचं आधीच झालेलं असतं.

तरी बायका बसत नाहीत असं नाही, त्या वाट काढतात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मध्यवर्ती बस स्थानकाचं रूपच पालटलं. नरसोबावाडी, जोतिबा, आदमापूर. पाच-सहा जणी मिळून जातात, दर्शन झटपट उरकतं आणि मग झाडाखाली डबे उघडून जे हसणं चालतं ते बघण्यासारखं असतं. देवाला ह्यात काही वावगं वाटत नसावं. मुद्दा असा की नुसतं बसायला त्यांना गाव सोडून कित्येक किलोमीटर जावं लागतं. गावात बसल्या की कुणीतरी विचारतं, काय वैनी, आज काम नाही वाटतं? विचारणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात, हेही लिहून ठेवते. काम दाखवल्याशिवाय बसायचं नाही हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की सिरीयल बघतानाही मांडीवर मेथीची जुडी लागते.

तुमच्या शंका मला ऐकू येतात.

पहिली, तालमीत बाई कशी यायची? लाल मातीचा हौदा तुमचा आहे, मारुती तुमचा आहे, त्यात मी नाक खुपसत नाही. मी वरच्या मजल्याबद्दल बोलते, जिथं बारसं होतं, साखरपुडा होतो, निवडणुकीची बैठक होते आणि बाकी दिवस खुर्च्या एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. तो मजला वर्गणीतनं आणि कुठं कुठं लोकप्रतिनिधींच्या फंडातनं झालाय. वर्गणीच्या पावतीवर नाव घरधन्याचं असलं तरी डब्यातल्या नोटा कुणी काढून दिल्या होत्या ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी, सगळ्या जातीधर्माच्या बायका एकत्र, जमेल का? गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच छताखाली बसवणारं हे गाव आहे. तुम्हाला हे अवघड जाऊ नये.

तिसरी, आम्ही पोरींना पुढं आणतोच की. आणता, आणि अभिमान आहे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, गावोगावच्या पोरी आता मॅटवर कुस्ती धरतात. पण त्या घाम गाळतात, बक्षीस आणतात, म्हणून त्यांना जागा मिळते. जी काहीच जिंकणार नाही अशा बाईसाठी मी हे पत्र लिहिते. तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्यांपैकी किती जणांनी महाराष्ट्र केसरी मारलाय, हे मी विचारत नाही.

चौथी शंका सगळ्यात प्रेमळ आणि तिचीच मला भीती. ‘जागा देऊया, पण काहीतरी उपक्रम घेऊया.’ शिवणकाम वर्ग, पापड प्रशिक्षण, पाककला स्पर्धा, हळदी-कुंकू, होम मिनिस्टर, बचत गटाचं मार्गदर्शन. हात जोडते, नको. शिवणकाम मी दिवसभर करते, मला त्याचं प्रशिक्षण कशाला? बचत गटांनी पुष्कळ बायकांच्या हातात पैसा आला हे मान्य, पण दुपारची एक झोप होती तीही लोणच्याच्या बरण्यांवर लेबलं चिकटवण्यात गेली. बाई रिकामी दिसली की तिला कामाला लावायची घाई सगळ्यांनाच असते, सुधारकांपासून सरकारपर्यंत.

आइसलँड नावाच्या छोट्या देशात 24 ऑक्टोबर 1975 ला जवळपास नव्वद टक्के बायकांनी एक दिवस हात वर केले. नोकरी नाही, स्वयंपाक नाही, पोरं नाहीत. बाप पोरांना घेऊन ऑफिसात गेले आणि झटपट शिजतात म्हणून दुकानातले सॉसेज संपले. पाच वर्षांनी तिथं बाई राष्ट्राध्यक्ष झाली. घाबरू नका, आम्ही एवढं काही म्हणत नाही. आमची मजल सध्या अडीच तासांची आहे.

आता बारीकसारीक. पंखे आहेत, ते चालू करू द्या. पिण्याचं पाणी ठेवा. संडासाला आतून कडी लागते का ते एकदा बघा, कारण ती नसेल तर बाकी सगळं फुकट आहे. आत कॅमेरा नको, फोटो नको, उद्घाटनाला पाहुणे नकोत आणि दारावर फ्लेक्स तर अजिबात नको. एक किल्ली बायकांकडं राहील. कोण आली, कोण झोपली, कोण कुणाबद्दल काय बोलली, ह्याची चौकशी होणार नाही. घरच्यांना पटवायचं काम मात्र तुमचं. वीस फुटी मूर्ती आठ फुटी बोळातनं सुखरूप बाहेर काढणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सासरा आणि दोन नवरे समजावता येत नाहीत, हे मला पटणार नाही.

वेळ सोमवार ते शनिवार दुपारी तीन ते साडेपाच. आणि रविवारी सकाळी दहा ते साडेबारा.

हो, रविवारीच, मटणाच्या वेळेला. तुमची रस्सा मंडळं पन्हाळ्याच्या पायथ्याला नाहीतर नदीकाठी जातात तेव्हा तीन दगडांची चूल मांडून, वाटण घाटून, पन्नास माणसांचं जेवण तुम्हीच करता. रस्सा फक्कड होतो, पातेल्यात थेंब उरत नाही, असं आमच्या घरातली माणसंच सांगतात. तेच हात घरच्या गॅसवर चालतील. वाटणाला कांदा किती घ्यायचा हे विचारायला हॉलवर फोन करू नये.

कळवावे.

आपली,
पेठेतली ब्लाउज शिवणारी एक वहिनी